युसूफभाईंचा प्लग

फुटलेली कुंडी चिकटवताना इपॉक्सीचा उग्र वास आला आणि पुसदच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवली. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, ट्रॅक्टर दुरुस्तीला येत नव्हते, त्यामुळे युसूफभाई मिस्त्रींना वेळ होता. आम्हाला निर्वात पेटीत हवा शिरू न देता वीज न्यायची होती. त्यांनी झाकणाला आटे पाडून जुना स्पार्क प्लग बसवला, फटी इपॉक्सीने बुजवल्या. दिवसभर दाबमापकाचा काटा हलला नाही.

तपासणीला आलेल्या पाहुण्यांना तो प्लग दाखवत विभागप्रमुख म्हणाले, "पुण्याहून मागवलाय." धुतलेला सदरा घालून युसूफभाई दारातच उभे होते.

"सर, पुन्याहून आनला म्हून कायले सांगतलं त्यायनं?" त्यांनी नंतर मला विचारलं.

विभागप्रमुखांवरचा राग अजून गेलेला नाही. पण खरं ठाऊक असलेला तिसरा माणूस तिथे मी होतो, आणि मी बशीत बिस्किटं मांडत होतो.