दहा किलो तांदूळ आणि समोरचा वारा

सायकलच्या पिशवीच्या शिवणीत आज तांदळाचे चार दाणे सापडले आणि टाळेबंदीतला, नेदरलँड्समधल्या आमच्या कापेल गावाबाहेरचा, कुरणांमधला तो रस्ता आठवला. इटलीच्या डोंगरांतल्या मोटारींना बंदी असलेल्या वाटांवरची आमची सायकलसफर रद्द झाली होती. तरीही मी दहा किलो तांदूळ लादून सराव करत होते. सपाट देशात समोरचा वारा हाच चढ, असे माझे गणित होते.

मागून नवरा ओरडला, “अगं, सीमा बंद आहेत! तांदळाला कुठे फिरवतेस?”

“उघडतील तेव्हा पाय तयार हवेत. तू जा, कुकर लाव!”

“आणि त्यात घालू काय?”

ओल्या गवताचा वास छातीत भरत होता, मांड्या पेटल्या होत्या. मी उतरले नाही. पुढे इटलीतल्या त्या वाटाही चढले. तिथे मात्र अडवायला ना समोरचा वारा होता, ना बंद सीमा. माझा खरा घाट मी समुद्रसपाटीच्या खालीच चढून आले होते.