मावशींना न विचारता

आमच्या मावससासूबाईंनी उभ्या आयुष्यात कोणावर विश्वास ठेवला नाही, आणि देवळातही त्यांनी कोणाला सूट दिली नाही. देवीला नारळ वाहण्याआधी त्या करवंटीवर कोळशाने खूण करत आणि पुजाऱ्याने परत दिलेलं भकल आपल्याच नारळाचं आहे ना, हे देवीच्या डोळ्यांदेखत उलटून पाहत. बाजारात जाताना पिशवीत स्वतःचं पाव किलोचं वजन असे. वाटेत वेळ विचारायची झाली तर तिघांना विचारत आणि मधली धरत. डॉक्टरने दिलेली गोळी कंपाउंडरला दाखवून ‘हे कायची होय गा’ असं विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मी कधी लाडू करून नेले तर पहिला लाडू माझ्याच हातावर ठेवून म्हणायच्या, “खाय वं सूनबाई, आधी तू खाय.” शेजारणींना त्यात केवढी माया दिसायची. मी मुकाट्याने लाडू खायची आणि मावशी माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या.

नागपुरात अजून टीव्ही यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. मावशींचे यजमान हातमागावरचे विणकर होते. ते गेले, माग विकले गेले, मूलबाळ नव्हतंच. नागपूरच्या महाल भागात खाली दोन खोल्या आणि वर लाकडी तक्तपोशीची माडी एवढं घर उरलं. दर रविवारी कोणीतरी जाऊन त्यांची खबरबात घ्यावी असं आमच्या घरात ठरलं, आणि असं काही ठरलं की ते काम माझ्याकडे यायचं. मी कचेरीत नोकरी करत होते, दोन मुलं होती, पण रविवारी सकाळी बस पकडून महालात जायची. हळवेपणा वगैरे काही नव्हता. काम होतं, ते करायची.

माडी त्यांनी एका नर्सबाईंना भाड्याने दिली होती. बाई वसईकडच्या, ख्रिस्ती, चाळिशी उलटलेल्या, एकट्या. हाडापेराने दणकट आणि हसायला लागल्या की जिना हलवणाऱ्या. त्याआधी दोन घरमालकांनी आडनाव ऐकून त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. मावशींनी खोली दिली ती उदार मनाने नव्हे. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी करणारी बाई अर्धा वेळ घरात नसते, म्हणजे तेवढी कमी नजर ठेवावी लागते, असा त्यांचा विचार. सगळे बाईंना ‘सिस्टर’ म्हणत, म्हणून मावशीही सिस्टरच म्हणत.

दोन-तीन आठवड्यांनी मावशींचा मला निरोप आला की तातडीने ये. गेले तर त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, “ते बाई मले मारून राहिली.” पुरावा तयार होता. सिस्टर रोज संध्याकाळी माळ घेऊन बसते आणि एकसारखी ‘मरणाच्या वेळी, मरणाच्या वेळी’ म्हणते. तक्तपोशीच्या फटींतून शब्दन्‌शब्द खाली पडतो. माळ कशाला, तर किती झालं ते कळावं म्हणून. आणि हेतू काय, तर घर. भाडेकरूंनी घरं बळकावल्याच्या गोष्टी तेव्हा गल्लोगल्ली ऐकू यायच्या, त्यामुळे मीही हसले नाही.

कुजबुजत बसण्यापेक्षा विचारलेलं बरं, म्हणून मी सरळ वर गेले. मावशी माझ्या मागे, दोन पायऱ्या खाली राखून. सिस्टरला राग आला नाही. तिने माळ दाखवली, तिला रोझरी म्हणतात म्हणाली, आणि शब्द सांगितले: देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. शेवटची घटका सगळ्यांनाच येते, त्या वेळी कोणीतरी आपल्या बाजूने बोलावं, एवढंच ते मागणं.

मावशी जिन्यावरून म्हणाल्या, “‘आम्हा’ म्हंजे कोन?”

“सगळेच. मी, तुम्ही, या वहिनी.”

“म्हंजे मीबी त्याच्यात आली?”

“आलात की.”

“मले न पुसता?”

सिस्टर हसली, पण मावशी हसत नव्हत्या. आपल्या नावाने कोणी परस्पर काही मागत असेल तर नेमकं काय मागतं, ते शब्दन्‌शब्द माहीत पाहिजे, असं त्यांनी बजावलं. म्हणजे मला शिकव. अशा रीतीने, निव्वळ पाळत ठेवण्यासाठी, आमच्या मावशी ख्रिस्ती जपमाळ शिकायला बसल्या.

अटी घालून बसल्या. अंगावर पाणी शिंपडायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, कारण ते दुखतात. सिस्टरने दिलेली जास्तीची माळ त्यांनी आधी हळदीच्या पाण्यात उकळून काढली. मग ती पदराखाली लपवली, कारण जप उघड्यावर करणाऱ्याची नियत त्यांच्या मते चांगली नसते. तर्जनी लागू दिली नाही, मधल्या बोटावर आणि अंगठ्याने मणी ओढले. शब्द भराभर पाठ झाले, घोटाळा झाला तो मण्यांचा. या माळेत दहा लहान मण्यांनंतर एक मोठा मणी येतो, तो ओलांडून पुढच्या दहांना जायचं असतं. आपल्या माळेत मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथून मागे फिरतात. त्यामुळे मोठा मणी आला की मावशी उलट फिरायच्या, मागे जाऊन तिकडचा मोठा मणी लागला की पुन्हा इकडे. सिस्टर दवाखान्यातून दमून यायची, जेवायची, भांडी घासायची, तरी खाली मावशी त्याच दहांत येरझारा घालत असायच्या. सिस्टरने पुढे जायला सांगून पाहिलं. मावशी म्हणाल्या, “मेरू वलांडत नाईत. तुमच्यात कोनी सांगतलंच नाई वाटते.”

दर दहा मण्यांना येशूच्या किंवा त्याच्या आईच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा असतो, आणि त्याला रहस्य म्हणतात, हे ऐकल्यावर मावशींचा संशय जागा झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात हे कळल्यावर तर त्यांनी मला खास सांगितलं, की हे लोक नेमके देवीचे वार धरून रडतात. पण त्या स्वतः पहिल्या दहांतून कधी बाहेरच पडल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाट्याला वार कोणताही असो एकच प्रसंग आला: देवदूत मारियेकडे येतो आणि तुला मुलगा होणार म्हणून सांगतो. त्याचीही त्यांनी उलटतपासणी घेतली. आला कुठून, ओळख काय, घरी मोठं माणूस कोणी नव्हतं का. सिस्टरने सांगितलं की मारियेनेही त्याला विचारलंच, हे कसं होईल म्हणून.

“पुसलं तिनं?”

“विचारलं.”

मावशींनी पदराखालची माळ थांबवली. मग म्हणाल्या, “शायनी होती पोरगी.” एवढी शाबासकी त्यांनी मलासुद्धा कधी दिली नव्हती. पुढे त्या मारियेबद्दल अशा बोलायच्या, जणू उमरेडकडची कोणी नात्यातली समजदार लेक असावी.

गल्लीत व्हायचं ते झालंच. एका रविवारी मी तिथे असताना मावशींचे धाकटे दीर आले. राहायला मागच्याच गल्लीत, पण येत ते घराचा विषय असला तरच. खाटेवर बसून त्यांनी सुरू केलं की वहिनी, तुम्ही बाटल्या म्हणून लोक बोलून राहिले, आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. दिवाळीच्या आत माडी रिकामी झाली पाहिजे. आणि उठता उठता म्हणाले, “नाईतर सांगून ठेवतो, तुमच्या मरनाच्या वेळी आमच्या घरचं एकबी मानूस येनार नाई.”

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. एकट्या बाईला याहून मोठा धाक घालता येत नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “भाऊजी, तुमी येसान याचा मले कधीच भरोसा नव्हता. म्हनून तर हे शिकून राहिली.”

दीर पायात चपला अडकवून निघून गेले. सगळं वर ऐकू गेलेलंच होतं. सिस्टर खाली आली आणि मी दुसरी खोली बघते म्हणाली. ते बोलताना तिचा नेहमीचा आवाज नव्हता. खोली कशी मिळते ते तिला ठाऊक होतं.

“बस वं,” मावशी म्हणाल्या. “एक सांग. माह्या वेळी तू ड्यूटीवर असशील तर?”

“म्हणून तर आधीपासून रोज म्हणून ठेवायचं असतं, मावशी.”

“अन् तुह्या वेळी मी नसन तर?”

“तुम्ही रोज म्हणताच आहात ना. त्या ‘आम्हा’मध्ये मी आलेच.”

मावशींनी तिच्याकडे तराजूच्या काट्याकडे पाहावं तसं पाहिलं. आपणही कोणाला न विचारता काहीतरी करत होतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. सूप माझ्याकडे सरकवून त्या चहा टाकायला उठल्या. दिवाळी आली आणि गेली, माडी रिकामी झाली नाही.

पुढच्या चैत्रात मावशी गेल्या. दुपारची वेळ. सिस्टर ड्यूटीवर, मी कचेरीत, दीर सगळं घर घेऊन उमरेडला लग्नाला. शेजारीण विरजण मागायला आली, तिला त्या खाटेवर दिसल्या, झोपल्यासारख्या. रात्री दीर परतले, आणि खांदा द्यायला त्यांच्याच घरचे सगळे पुढे होते. मोठ्याने रडलेही तेच. सिस्टर समोरच्या ओट्यावर उभी होती, हात पदराखाली होते. महिन्याभरात तिने धंतोलीकडे खोली घेतली. सामान हलवायला मी गेले होते.

मला एकाच गोष्टीचा उलगडा होत नाही. मावशी भर दुपारीही आतून कडी लावून वर लाकडी आडणा घालायच्या. मला आत घ्यायच्या तेसुद्धा फटीतून पाहून, नाव विचारून. आणि शेजारीण म्हणते, त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं. आडणा काढून भिंतीला नीट टेकवून ठेवलेला. मी तिला खोदून खोदून विचारलं, दूधवाला आला होता का, पोस्टमन, भंगारवाला. ती सकाळपासून तिच्या ओट्यावर वड्या घालत बसली होती. कोणीच आलं नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं.