डिअर शलाका अँड टीम

नियम युरोपात होतो आणि घाम आम्हाला तळोज्यात फुटतो. मधल्या अंतरात जे सांडतं, ते किस्से. मी काही ते मुद्दाम गोळा केले नाहीत. फॉर्म भरता भरता साठत गेले. पण काहीतरी बिनसलंय असं पहिल्यांदा वाटलं ते एका मेलच्या पहिल्या ओळीत. आमची कंपनी कापडाच्या रंगांना लागणारी केमिकल्स बनवते. ती घेणारं मोठं गिऱ्हाईक रॉटरडॅमला. त्यांच्याकडच्या नियमांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हे आमच्या सेक्शनचं काम. सेक्शन म्हणजे देशमुख सर, शलाका आणि मी. तोवर मेल यायचा 'डिअर शलाका अँड ऋचा' असा. त्या सोमवारी आला, 'डिअर शलाका अँड टीम'.

सरांना वेगळा मेल जातो. म्हणजे शलाका वजा केली की टीममध्ये मी एकटीच उरत होते.

खाली लिहिलं होतं, की त्यांच्या ऑफिसात दोन वर्षांसाठी आमच्यापैकी एक जण हवी आहे. नाव महिनाअखेर ठरणार.

*

खरं तर शलाकाचं नाव पुढे जायला मीच कारण. निर्यातीच्या प्रत्येक ड्रमवर एक इमर्जन्सी नंबर छापावा लागतो. वाटेत ड्रम गळला तर कुठूनही फोन करता यावा म्हणून. आमचा तो नंबर म्हणजे एक जुना मोबाइल, आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. वर्षभर कधी वाजला नाही. एका दुपारी वाजला. मी इतकी दचकले की चहा कीबोर्डवर. पलीकडे रॉटरडॅमचा माणूस, तपासणीसाठी फोन करणारा. "हा तुमचा इमर्जन्सी नंबर ना?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मी म्हणाले, "राँग नंबर," आणि कट केला.

 देशमुख सरांनी मोबाइल उचलून शलाकाच्या टेबलावर ठेवला. पुढच्या टेस्ट कॉलला ती इतकं छान बोलली की पलीकडच्याने शेवटी तिला इकडचं हवामान विचारलं. मला आजवर कोणी हवामान विचारलेलं नाही.

*

एका प्रश्नावलीत होतं: तुमच्या कामगारांना काम सोडून घरी जाण्याचं स्वातंत्र्य आहे का? मी प्लांटवर माने सुपरवायझरना विचारायला गेले.

ते म्हणाले, "मॅडम, साडेपाचला गेटमध्ये आडव्या उभ्या राहून बघा. वाचलात, तर 'नाही' लिहा."

मी हसत हसत येऊन हे शलाकाला सांगितलं आणि रकान्यात 'आहे' लिहिलं. तिने त्या जागी चार ओळी टाकल्या, त्यात 'डिग्निटी' हा शब्द दोनदा. तिकडून 'एक्सलंट' आलं. किस्सा माझा, एक्सलंट तिला.

*

आमची कंपनी शेअर बाजारात आहे. निकाल जाहीर होण्याआधी आम्हाला आणि आमच्या घरच्यांना कंपनीचे शेअर घ्यायला-विकायला बंदी असते, आणि आतली बातमी बाहेर सांगणं तर गुन्हाच. मी करंजाड्याला राहते. आमच्या सोसायटीतल्या साठेकाकांना हे सगळं माहीत. म्हणून त्यांनी मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. फक्त रोज सकाळी माझ्याच लिफ्टने खाली यायचे.

निकाल लागला, शेअर चढला, आणि काकांनी मला जिन्यात गाठलं.

"तीन आठवडे तुझा चेहरा बघत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, कंपनी बुडतेय. होते नव्हते तेवढे सगळे विकले."

"काका, माझा चेहरा नेहमीच असा असतो."

"मग ते आधी सांगायचं ना." दोन पायऱ्या उतरून त्यांनी विचारलं, "तुझ्याबरोबर ती दुसरी मुलगी आहे ना, ती कुठे राहते?"

"जुईनगरला."

"बरं झालं. जुईनगरला माझा मेव्हणा असतो."

*

आता हरीकाका. हे बाजूच्या गावचे. कंपनीला तीन बस भाड्याने देतात आणि एक स्वतः चालवतात. युरोपचा नवा नियम असा, की ऑडिटरने स्थानिक लोकांशी बोलायचं. पहिल्या ऑडिटला ऐनवेळी कोणी मिळेना, म्हणून सरांनी हरीकाकांना बसमधून उतरवून आणलं. तेव्हापासून प्रत्येक ऑडिटला स्थानिक लोक म्हणजे हरीकाका. तोच पांढरा शर्ट, तीच खुर्ची.

ऑडिटर कधीकधी नंतर फोन करूनही खात्री करतात. म्हणून सरांनी काकांचा नंबर आमच्या संपर्काच्या यादीत घातला आणि त्यांच्याकडून दोन इंग्रजी वाक्यं घोकून घेतली. अनोळखी नंबर दिसला की तीच म्हणायची: "लोकल कम्युनिटी स्पीकिंग. नो स्मेल, नो प्रॉब्लेम."

एकदा मी फॉर्म भरताना त्यांना विचारलं, "काका, इथून सगळ्यात जवळची पाणथळ जागा किती अंतरावर आहे?"

"अंतर कसला आलाय? तुजी खुर्ची हाय ना, तिचे खाली आमचा शेत होता. गुडघाभर पानी."

मी रकाना रिकामा सोडला. शलाकाने 'लागू नाही' लिहिलं. तेही तिकडे चाललं.

*

गेल्या मंगळवारी रॉटरडॅमच्या ड्रमची लेबलं छापून आली. शलाकाने बनवलेली. मी सहज एक हातात घेतलं, आणि त्यावरचा इमर्जन्सी नंबर आमच्या मोबाइलचा नव्हता. यादीतून उचलताना भलताच उचलला गेला होता.

मी गप्प बसले. हल्ली माल पोचला की ते लोक लेबलवरच्या नंबरला एकदा फोन लावतातच. मग शलाकाला हवामान कोण विचारतं ते बघू, असं मला वाटलं. दोन दिवस ती मला डब्यातली कोलंबी वाढत होती आणि मी खात होते.

गुरुवारी चारला कंटेनर निघणार होता. जेवणानंतर मी लेबलची फाइल काढली, शलाकाची सही एकदा डोळे भरून बघावी म्हणून. सही होती. तिच्याखाली 'तपासलं' असा रकाना, आणि त्यात माझी सही. तारीख त्या सोमवारची, 'अँड टीम'ची. त्या दिवशी मी काय तपासत होते ते मला पक्कं ठाऊक आहे.

शलाका समोरच बसली होती. "काय गं, पांढरी पडलीस?" तिने विचारलं.

"काही नाही."

तीन वाजून गेले होते. ड्रम थांबवायचे तर सरांना आत्ताच सांगायला हवं, आणि सांगितलं की रॉटरडॅमही संपलं. पण त्याआधी मला एवढंच कळायला हवं होतं, की उद्या गळक्या ड्रमपाशी उभं राहून कोणी हा नंबर फिरवला, तर उचलणार कोण. मी टेबलावरच्या लँडलाइनवरून नंबर लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. तिसऱ्यांदाही कोणी उचलेना. शलाका माझ्याकडे बघत होती.

चौथ्या वेळी फोन उचलला गेला. मागे बसचा हॉर्न वाजत होता.

"हॅलो," आवाज म्हणाला, "लोकल कम्युनिटी स्पीकिंग. नो स्मेल, नो प्रॉब्लेम."