पहिला निकाल माझा होता

माझ्या निरोप समारंभात प्रत्येक भाषणात टॅबवरच्या चाचणीचं नाव निघालं. केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिली आलेली शाळा! मी खाली मान घालून नारळ घेतला, लोकांना तो विनय वाटला. आता लिहून टाकतो. तो निकाल मुलांचा नव्हता, माझा होता.

कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या गावात आमची शाळा. साहेब तपासणीला आले की मी त्यांच्या पाठीमागून पोरांना बोटांनी उत्तरं सुचवायचो. टॅब आल्यावरही तेच केलं. पाचवीच्या वर्गात फिरून एकेकाच्या खांद्यावरून बरोबर पर्याय दाखवला. पण या चाचणीची रीत निराळी होती. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. मूल कुठं अडतं ते असं हुडकून ती तिथूनच पुढचा सराव द्यायची. माझ्या बोटामुळे, हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या पोरांपुढे रोज अपूर्णांक येऊ लागले.

एक मुलगी शाळेत यायची थांबली. घरी गेलो, तर ती आईबरोबर अंगणात धान वाळवत होती.

"सर, पोरगी म्हणते, मले काईच येत नाई," आई म्हणाली. "मंग कायले पाठवू?"

मुलगी मान वर न करता बोलली, "त्या टॅबले वाटते, मी लय हुशार आहे."

आई हसली. मला हसता आलं नाही. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "उद्या ये, पहिल्यापासून घेऊ."

केंद्रप्रमुखांना मात्र निकालानंतर टॅब बिघडून सराव पुसला गेला असं सांगून मी वर्गाची चाचणी पुन्हा लावून घेतली. कागदोपत्री पहिलाच निकाल राहिला.

दुसऱ्या खेपेला ती मुलगी तिसऱ्याच प्रश्नावर थांबली. सवयीनं माझं बोट पुढं गेलं. तिनं तळहातानं पडदा झाकला.

"सर, मांगं उभे राहू नोका. मले चुकू द्या."

"सरलेच बसव वं तिथी!" मागून एक पोरगा ओरडला. वर्ग खिदळला. मी वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिलो.

ती चुकत गेली, प्रश्न सोपे होत गेले, आणि बिनहातच्याच्या वजाबाकीवर येऊन तिचं उत्तर बरोबर आलं. तिथून तिचा सराव सुरू झाला. हिवाळाभर ती एक दिवसही घरी राहिली नाही. बाकीची पोरंही आपण कुठं अडतो ते न लाजता सांगू लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा वर्ग मी पाहिला नव्हता.

जूनमध्ये सहावीसाठी तिला दुसऱ्या गावच्या शाळेत घेऊन गेलो. तिथल्या सरांना मी तिची हुशारी सांगायला लागलो, तर तिनं मला मध्येच तोडलं.

"भागाकार येते, सर. अपूर्णांकाची बेरीज अडते. तिथून शिकवा."

त्या सरांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. मी नुसता ताठ उभा राहिलो.