मॉलीला भरवलेले लाडू

मंडळी, आज ऑफिसमधल्या डेव्हसोबत रेजिना शहराबाहेर शिकारीला गेलो होतो, फक्त बघायला. जाताना गाडीत त्याला अहिंसेवर लेक्चरही दिलं.

त्याची कुत्री मॉली दोन तास गवतात तितर हुडकत धावत होती. मला तिची दया आली. डेव्हची पाठ वळताच मी तिला दिवाळीचे दोन रवा लाडू भरवले, भरपूर बेदाणे घातलेले.

परतताना लाडवांचं सहज बोलून गेलो, तर त्याने गाडी सरळ व्हेटकडे वळवली. "बेदाण्यांनी कुत्र्यांची किडनी जाते," एवढंच म्हणाला.

मॉलीला उलटी करवली, आता सलाईन लावलंय. दोन दिवस तरी काही सांगता येणार नाही म्हणे.

डेव्हच्या बंदुकीने आज एकही पक्षी पडला नाही. मॉलीच्या जिवावर उठला तो माझा लाडू.

उद्या ऑफिसात त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू?