मुंगीताईने ओळखलेला दंड

लस टोचणाऱ्या त्या नर्सला सगळे मुंगीताई म्हणत. सुई टोचली तरी मुंगी चावल्याइतकंसुद्धा कळत नाही, अशी तिची ख्याती. इतकी वर्षं दंडच बघत आल्यामुळे माणसं तिला चेहऱ्यापेक्षा दंडावरूनच ओळखू येत. रस्त्यात कोणी हसलं तर ही बावळटासारखी बघत राही. त्याने बाही वर केली असती, तर सात पिढ्या सांगितल्या असत्या. नव्या फ्लूच्या साथीत सगळ्यांचे चेहरे मास्कआड गेले आणि लोकांची पंचाईत झाली. हिचं काही अडलं नाही.

लसीकरण एका शाळेच्या व्यायामशाळेत चाले. लांबलांब ठेवलेल्या खुर्च्यांवर माणसं गप्प बसलेली असत. खोकला आला तरी कोणी खोकत नसे, सगळे दाबून धरत. इतकी माणसं आणि एवढी शांतता, हे मुंगीताईला मुळीच सोसत नसे. ती मुद्दाम मोठ्याने विचारी, "आज ताप आहे? अंड्याची अ‍ॅलर्जी नाही ना? मागे कधी टोचून घेतल्यावर चक्कर आली होती?" हे प्रश्न तिने कोणालाही चुकवले नव्हते, अगदी मोठ्या डॉक्टरांनाही. ताप असेल तर परत पाठवायचं. तिथे कोणाचा मुलाहिजा नाही.

जीव टांगणीला लागला होता तो धाकट्या भावासाठी. तो वेल्डर. धुराने छाती पार कामातून गेलेली, आणि अशांनाच हा फ्लू आधी गाठत होता. पण लसीवरून दोघांचं वाजलं होतं. त्याच्या सासऱ्यांसमोर ही त्याला गाढव म्हणाली. "तुझी सुई तुलाच लखलाभ," म्हणून तो उठून गेला, तो बोलेनासाच झाला.

त्या दुपारी तिने नवी कुपी उघडली. एका कुपीत दहा जणांची लस. दहावा, शेवटचा माणूस समोर येऊन बसला, बाही वर गेली आणि मुंगीताईचा हात थबकला. दंडावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे पांढुरके ठिपके होते. लहानपणी सायकलवरून पडल्याची खूणही खांद्याखाली तशीच होती.

आला एकदाचा! तिचे डोळे भरून आले. मान वर केली तर रडू फुटेल आणि हा चिडून उठून जाईल, म्हणून तिने वर पाहिलंच नाही. प्रश्नही विचारले नाहीत, जन्मात पहिल्यांदाच. नुसता हात लावून पाहिला. दंड गार होता. ताप नाही म्हणजे झालं, असं म्हणत तिने टोचलं. रक्ताचा टिपूससुद्धा आला नाही.

"तिकडे अर्धा तास बस रे," ती पुटपुटली.

सामान आवरताना तिने कुपी उजेडात धरली. तळाशी एका माणसापुरती लस शिल्लक होती.

ती लगबगीने टोचून घेतलेल्यांच्या खुर्च्यांकडे गेली. तिथे लक्ष ठेवणाऱ्या मावशींना विचारलं, "माझा भाऊ कुठे बसलाय?"

"तुमचा भाऊ? या नव्या कुपीचे नऊच जण आले माझ्याकडे. मघापासून कोणीच नाही. तुम्हीच तर रिकाम्या खुर्चीपुढे बसून होतात. म्हटलं, दमल्या असतील."

 मुंगीताईने तिथूनच भावाला फोन लावला. उचलला भावजयीने.

"ताई, तुम्हाला कळवणारच होते. तीन दिवस तापाने फणफणले होते. 'ताईला सांगू नकोस, ओरडेल,' म्हणाले. पण उतरला बाई ताप! आत्ताच हात लावून पाहिला, अंग अगदी गार लागतंय. शांत झोपलेत."

मुंगीताईची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"आणि गंमत ऐका. डोळा लागायच्या आधी बरळत होते, 'ताईने टोचलं, कळलंसुद्धा नाही.'"

भावजय हसत होती. जागरणं संपल्याचं ते हसू होतं, आणि ते आपणच थांबवायचं आहे हे मुंगीताईला कळत होतं.

"त्याला जरा हलवून बघ," ती म्हणाली.

"आत्ता? झोपू दे ना हो. किती दिवसांनी झोप लागलीय."

"बघ ना गं."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. खाट कुरकुरली. मग भावजयीचा लाडिक, दबका आवाज.

"अहो, उठता का जरा? ताईंचा फोन आहे."

मुंगीताईने फोन कानाशी घट्ट धरला.

"अहो," पुन्हा ऐकू आलं. "अहो?"