टोक तुटलेले बेलपान

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहावयास बसलो आहे, याची वाचकांनी क्षमा करावी. आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. स्वतःचा एकही लिहिला नाही. तथापि औशाच्या कप्पीवाल्या आप्पांविषयी कुणीच काही लिहिले नाही, म्हणून हे धाडस.

आप्पा लोखंड कानाने पारखीत. विहिरीच्या कप्प्या ते स्वतःच्या भट्टीत ओतीत. थंड झालेली प्रत्येक कप्पी दोरीला टांगून तिच्यावर लहान हातोडीचा एकच टोला देत आणि डोळे मिटून ऐकत. नाद किंचित बद्द वाटला, की ती पुन्हा भट्टीत. मला सगळे नाद सारखेच वाटत. "गुरुजी, तुमचे कान पुस्तकाचे हायेत," ते म्हणत.

वाळूत कप्पीचा ठसा उठवायच्या लाकडी साच्यावर त्यांनी बेलपान कोरले होते. ते प्रत्येक कप्पीवर उमटे. लातूर जिल्हा नवा झाला त्या काळातल्या दुष्काळात विहिरी खोल खोल गेल्या, दोर लांबले, आणि पार लोहा गावच्या बाजारापर्यंत लोक पान पाहून कप्पी घेऊ लागले.

एके दुपारी लोह्याकडची एक बाई तुटलेली कप्पी पदरात बांधून आली. "आप्पा, तुमचं पान बघून घेतली. धनी गाळ काढाया उतरले, अन् वर येताना ही तुटली. खाली चिखल व्हता म्हणून जीव वाचला."

आप्पांनी कप्पी उलटीसुलटी पाहिली. "बाई, ही माझी न्हाई."

"मग पान कुणाचं?"

 आप्पांनी तिला नवी कप्पी दिली. पुढे तशा आणखी तुटक्या कप्प्या आल्या, आणि बाजारात आप्पांचेच नाव खराब होऊ लागले. मी भीतभीत सुचवले की चिन्हाची सरकारदरबारी नोंद करता येते. मग दुसऱ्या कुणाला ते वापरता येत नाही.

"म्हादेवाचं पान हाय, गुरुजी. त्याच्यावर मालकी सांगून कुठं फेडू?"

मी विषय सोडून दिला. माघार घेणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

काही दिवसांनी त्यांनीच बोलावले. एक स्वतःची आणि एक बाजारातून आणलेली नकली, अशा दोन कप्प्या टांगल्या होत्या. दोन्हींवर टोला दिला. "मला कानानं कळतंय. त्या बाईला कशानं कळावं?" मग आपल्या पानावरून अंगठा फिरवता फिरवता ते थांबले. साचा एकदा हातातून पडून त्रिदळातल्या उजव्या पानाचे टोक उडाले होते, म्हणून त्यांच्या कप्प्यांवर ते तुटकेच उमटे. नकली कप्पीवरचे पान मात्र नीटनेटके, पूर्ण होते.

"आख्खं पान देवाचं," आप्पा सावकाश म्हणाले. "हे तुटकं माझं. ह्याची नोंद करा."

मुंबईला अर्ज मी लिहिला. कागद यायला फार काळ लागला. पण तो आल्यावर, कप्पीवर मिळतेजुळते पानही चालणार नाही, अशी वकिलाची एकच नोटीस नकली माल ओतणाऱ्याला गेली आणि नकली कप्प्या बाजारातून उठल्या. पुढे एका सुताराने साच्याचे टोक फुकट जोडून देऊ केले, तेव्हा आप्पांनी साचा अक्षरशः मांडीखाली घेतला.

आप्पा गेले. तो साचा त्यांच्या मुलीने देवघरात ठेवला आहे, आणि नोंदीचा कागद त्याच्याखाली. हा मजकूर नाव न घालताच पाठवावा, असे माझ्या मनात होते. आता नाव घालूनच पाठवतो आहे. आपल्या हातच्या कामावर आपण काय खूण ठेवली आहे?